सूत आणि सूत्र

'सेंटरिंग' हा शब्द आमच्या वस्तीत लहान मूलही बोलते. 'तुझा बाप काय करतो?' 'सेंटरिंग करतो.' एवढ्यावर ओळख पुरी होते. स्लॅब ओतण्याआधी खाली बल्ल्यांचे टेकू उभे करायचे, त्यांवर फळ्या ठोकायच्या. सळ्या बांधून काँक्रीट पडले आणि घट्ट झाले की टेकू काढायचे, फळ्या सोलायच्या आणि सगळा पसारा पुढच्या कामावर न्यायचा. माझ्या वडिलांनी, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आयुष्याची पस्तीस वर्षे हे काम केले. शाळेच्या आणि कॉलेजच्या प्रत्येक अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी मात्र 'मजुरी' असे लिहीत आलो. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते, हे कळायला मला एम.ए. होऊन इतिहास शिकवायला लागावे लागले.

सेंटरिंग हा शब्द मुळात सपाट स्लॅबचा नाही, कमानीचा आहे. दगडविटांची कमान हवेत बांधता येत नाही. दोन्ही बाजूंनी चढत आलेल्या विटा माथ्यावर एकमेकींना भिडून शेवटची वीट बसेपर्यंत कमानीला स्वतःचा भार पेलता येत नाही. तोवर तो भार खालचा लाकडी साचा पेलतो. या साच्याला इंग्रजी बांधकामाच्या भाषेत 'सेंटर' आणि तो उभारण्याच्या कामाला 'सेंटरिंग' म्हणत. लोखंड आणि सिमेंट आले, कमानी गेल्या, छत सपाट झाले. शब्द मात्र राहिला. आज हा शब्द रोज तोंडी असणाऱ्या आमच्या शेकडो माणसांपैकी फार थोड्यांवर खऱ्या कमानीचा साचा करण्याची पाळी आली असेल.

दादांवर ती एकदा आली. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचे काम निघाले. वर्गणीचे काम, मजुरी कुणी घ्यायची नाही असे ठरलेले. दरवाजावर विटांची कमान असावी असे सर्वांचे मत पडले. नकाशा काढून देणाऱ्या तरुणाने कागदावर रुंदी सहा फूट आणि मधला उठाव एक फूट एवढेच लिहिले होते. वर्तुळाची त्रिज्या किती, केंद्र कुठे, याचा उल्लेख नव्हता. त्रिज्या नसेल तर फळीवर गोलाई आखता येत नाही. गोलाई नसेल तर फळी कापता येत नाही. मी सुटीला घरी आलो होतो, उभा राहून पाहत होतो.

'दादा, केंद्र कुठं घ्यायचं?' मी विचारले.

'सूत सांगंल की,' दादा म्हणाले.

त्यांनी ओट्याच्या कोब्यावर गेरूचे सूत मारून सहा फुटांची रेघ काढली. तिचा मध्य काढला. मध्यातून वर-खाली गुण्याने सरळ रेघ टाकली. वर एक फुटावर खूण केली. तो कमानीचा माथा. मग एक खिळा घेऊन ते खालच्या रेघेवरून सरकू लागले. खिळ्याला बांधलेले सूत माथ्याच्या खुणेपर्यंत ताणायचे, चिमटीत धरायचे आणि तेच टोक रेघेच्या कोपऱ्यावर नेऊन पाहायचे. दोन-तीनदा कमी-जास्त झाले. मग ते एकदम थांबले, हसले, आणि टेप न लावताच म्हणाले, 'आरं, हे तर तीन-चार-पाच हाय. चार फूट खाली खिळा, पाच फूट सूत.'

तीन-चार-पाच हे बांधकामावरच्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. पायाचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायला एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतात. तिरपे अंतर पाच भरले की कोपरा बरोबर. इथे निम्मा गाळा तीन फूट होता, केंद्र चार फूट खाली होते, म्हणून सूत पाच फूट. दादांनी खिळा ठोकला, सूत फिरवले, पेन्सिल माथ्यावरून जाऊन दोन्ही कोपऱ्यांना अचूक टेकली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, 'काय मास्तर, तुझ्या पुस्तकात हाय का रं हे?'

'असंल,' असे मी म्हणालो. एका पदवीधराने द्यावे असे ते उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

पुस्तकात ते आहे. नियम असा : कमानीच्या गाळ्याची निम्मी रुंदी घ्या. तिचा वर्ग करा. त्याला उठावाने भागा आणि आलेल्या संख्येत उठाव मिळवा. हा झाला ज्या वर्तुळाचा तुकडा म्हणजे ती कमान, त्या पुऱ्या वर्तुळाचा व्यास. त्याचे निम्मे केले की त्रिज्या. विहाराच्या दरवाजाला निम्मी रुंदी तीन, वर्ग नऊ, एकाने भागून नऊ, त्यात एक मिळवून दहा, निम्मे पाच. दादांचे सूतही पाचच सांगत होते. यामागचे कारणही सोपे आहे. कमान पुढे वाढवून पुरे वर्तुळ केले आणि माथ्यापासून थेट खाली व्यास टाकला, तर गाळ्याची रेघ त्या व्यासाचे दोन तुकडे करते. वरचा तुकडा म्हणजे उठाव. त्या दोन तुकड्यांचा गुणाकार निम्म्या गाळ्याच्या वर्गाइतका असतो. इथे एक आणि नऊ, गुणाकार नऊ, तीनाचा वर्गही नऊ.

ही गोष्ट आर्यभटाने ४९९ साली आपल्या ग्रंथाच्या गणितपादात सांगितली आहे. ग्रीसमध्ये युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकात ती त्याहून आधीची आहे. आणि भास्कराचार्याच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, जीवा आणि शर यांवरून व्यास काढण्याचा नियम उदाहरणासह दिला आहे. ते उदाहरण वाचताना माझे बोट पानावर थांबले. वर्तुळाचा व्यास दहा, जीवा सहा. तर शर किती ते सांग. आणि उलट, जीवा आणि शर माहीत असता व्यास सांग. शर येतो एक. सहा, एक आणि दहा. विहाराच्या दरवाजाचीच मापे. यात चमत्कार काही नाही. तीन-चार-पाचामुळे उत्तर पूर्णांकात येते म्हणून शिक्षकाला ही मापे सोयीची, आणि सहा फूट-एक फूट हे माप बांधणाऱ्यालाही सोयीचे. पण साडेआठशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले उदाहरण आमच्या ओट्यावर गेरूने आखले गेले होते, आणि आखणाऱ्याला त्या ग्रंथाचे नावही ठाऊक नव्हते. हा योगायोग मला सुखाचा वाटला नाही. त्याने मला अस्वस्थ केले.

शब्दांकडे पाहिले तर ही अस्वस्थता वाढते. ग्रंथातले शब्द चाप, ज्या आणि शर. म्हणजे धनुष्य, दोरी आणि बाण. वर्तुळाचा तुकडा धनुष्यासारखा, त्याची दोन टोके जोडणारी रेघ दोरीसारखी, मधला उठाव बाणासारखा. गवंडी आणि सुतार ज्याला 'कमान' म्हणतात तो फारसी शब्दही धनुष्याचाच. दोघे एकाच धनुष्याबद्दल बोलत आले, दोन भाषांत, आणि एकमेकांशी न बोलता. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या शब्दापासून आला. सूत्र धरणारा तो सुतार. त्याच्या हातातले सूत्र म्हणजे दोरी. पंडिताच्या तोंडातले सूत्र म्हणजे नियम. सुतार आजही इंचाचे आठ भाग करून एकेका भागाला 'सूत' म्हणतो. शब्द एक, पण त्याची वाटणी झाली. सूत कामाच्या जागी राहिले आणि सूत्र पाठशाळेत गेले.

ती पाठशाळा कुठे होती, हेही आपल्याला ठाऊक आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्याचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापला, आणि त्या मठाला १२०७ साली निकुंभ घराण्यातील सामंत सोइदेव याने दान दिले. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे : घराण्याची स्तुती, विद्वत्तेची वंशावळ, मठाचे प्रयोजन. शेवटचा थोडा भाग मराठीत आहे. त्यात मठाला कुणी काय द्यायचे ते सांगितले आहे : पाटणच्या बाजारात होणाऱ्या विक्रीवरचा वाटा, तेलाच्या घाण्यांमागे तेल. विद्वत्तेची कहाणी संस्कृतात आणि वसुलीची यादी मराठीत. घाणा ओढणाऱ्याला काय द्यायचे ते त्याच्या भाषेत सांगितले गेले. त्याच्या तेलावर जळणाऱ्या दिव्याखाली काय वाचले जाते ते मात्र त्याच्या भाषेत नव्हते. लीलावती हा वेद नव्हे. तिच्यासाठी कुणाच्या कानांत शिसे ओतण्याची गरज नव्हती. जात आणि भाषा ही दोन दारे लावून घेतली की पुरेसे होते. लीलावतीचे फारसी भाषांतर फैजीने १५८७ साली अकबराच्या दरबारात केले, इंग्रजी भाषांतर कोलब्रुकने १८१७ साली केले. ग्रंथ आग्र्याला आणि लंडनला पोचला. चाळीसगावच्या सुतारनेटापर्यंत तो पोचवावा, असे त्याच्या रखवालदारांना वाटले नाही.

कुणी म्हणेल, विद्वान आणि कारागीर यांत अंतर सगळीकडेच असते. असते, हे खरे. पण ते बुजवण्याचे प्रयत्न कुठे आणि कसे झाले, हे इतिहासाने विचारले पाहिजे. चीनमध्ये 'नऊ प्रकरणे' या नावाचा गणिताचा ग्रंथ इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास सिद्ध झाला. त्यात नेमके हेच गणित आहे. आणि ते धनुष्यबाणाचे नाही, लाकडाचे आहे. भिंतीत एक ओंडका बुजलेला आहे. करवतीने तो एक त्सुन खोल कापला तर काप दहा त्सुन लांब होतो. ओंडक्याचा व्यास किती? निम्मे पाच, वर्ग पंचवीस, भागिले एक, अधिक एक : सव्वीस. गणित तेच. पण उदाहरण निवडताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर करवत होती.

दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बुझजानी या गणितज्ञाने भूमितीतले कारागिराला लागणारे तेवढे वेचून स्वतंत्र पुस्तक लिहिले. कारागीर आणि भूमितीचे पंडित एकत्र बसून चर्चा करीत अशा बैठकांचा त्यात उल्लेख आहे. त्याने दोघांच्याही चुका दाखवल्या आहेत : पंडिताला सिद्धता ठाऊक, पण हातात फरशी धरण्याची सवय नाही, कारागिराला डोळ्यांनी बरोबर दिसते, पण सिद्धतेची गरज वाटत नाही. मला यात मोलाचे वाटते ते हे की दोघे एका बैठकीत होते. समरकंदमध्ये अल-काशीने १४२७ साली पुऱ्या केलेल्या आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात कमानी आणि घुमट मोजण्यासाठी वेगळा भाग ठेवला.

स्कॉटलंडमध्ये १७६५ साली जन्मलेला पीटर निकोल्सन हा पाथरवटाचा मुलगा. सुतारकामाची उमेदवारी करून तो लंडनला गेला. तेथे कारागिरांसाठी रात्रीची शाळा चालवली आणि १७९२ साली सुतारांसाठी मार्गदर्शक ग्रंथ काढला. त्यातल्या आकृत्यांचे ठसेही त्याने स्वतः कोरले. कमानी, घुमट, एकमेकींना छेदणारी गोल छते यांचे लाकडी साचे कसे आखावेत हा त्या ग्रंथाचा एक मुख्य विषय. विलायतेत वर्गभेद कमी होता असे नाही. पण पाथरवटाच्या पोराला सूत्र लिहिण्याची मुभा होती, आणि ते त्याच्या नावावर छापले गेले.

आपल्याकडे असे झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरी असलेल्या मंडन नावाच्या सूत्रधाराने पंधराव्या शतकात वास्तूवर ग्रंथ लिहिले. पण लिहिले ते संस्कृतात. त्याहून खूप मागे जायचे तर आपल्याला लेण्यांकडे जावे लागते. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांच्या छताला आतून लाकडी फासळ्या आहेत. खडकात कोरलेल्या छताला आधाराची गरज नसते. तरीही त्या बसवल्या आहेत, कारण लेणे कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडात बांधलेली गोल छताची चैत्यगृहे होती. त्या फासळ्यांची गोलाई कुणीतरी सूत धरून आखली असली पाहिजे. आणि कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर एक लेख आहे : या घराचे मुख धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामि या वढकीने केले. 'वढकी' म्हणजे सुतार. राजे, भिक्खू, व्यापारी, यवन यांच्या नावांच्या पंक्तीत एक सुतार बापाच्या नावासह उभा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या दारावर कारागिराला आपले नाव लिहिता आले. पुढे अठराव्या शतकात पुण्यातल्या वाड्यांच्या लाकडी खांबांवर केळफुलांच्या देखण्या महिरपी चढल्या. त्यांच्या धन्यांची नावे आपण पाठ करतो. महिरप कोरणाऱ्यांची नावे मुलांच्या पाठ्यपुस्तकात नाहीत.

इंग्रजी अमदानीत दारे किलकिली झाली. पण कुणासाठी, हे सालांवरून पाहावे. १८५४ साली सरकारी बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारी शाळा पुण्यात निघाली. तिचेच पुढे इंजिनियरिंग कॉलेज झाले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यात आला. त्याच १८५६ साली बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले. १८६३ साली ते पुरे होईपर्यंत बोगदे फोडायला आणि पुलांच्या कमानी चढवायला हजारो माणसे राबली. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे कामावर होती, असा तो काळ. कमानीखाली लाकडे आणि दगड वाहायला हात चालत होते. कमान आखायला शिकवणाऱ्या शाळेच्या पायरीवर त्याच हातांचे मूल चालत नव्हते. त्या काळात स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या जोतीराव फुल्यांनी विद्येवर सगळा भर का दिला, हे या तीन सालांकडे पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

इथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. 'आमच्या बापाला लीलावती न वाचताच येत होती' असे म्हणून छाती फुगवणे सोपे आहे. पण ते पुरे सत्य नाही. पहिली गोष्ट, ज्या सुतारकीची मी एवढी बाजू घेतली ती सुतारकीही आमच्या घरात नव्हती. गावगाड्यात सुताराचे हत्यार सुताराच्या पोराच्याच हाती जायचे. आमच्या वाट्याला लाकूड वाहणे आले, लाकूड आखणे नाही. आमच्या घराण्यात करवत हाती धरणारे दादा पहिले. तेही शहरात, परक्या साइटवर, बिगारी म्हणून फळ्या देता देता मिस्त्रीच्या हाताकडे पाहून शिकले. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच एकाखाली एक अशी वाटणी आहे. पंडिताने सूत्र सुतारापासून तोडले, आणि सुताराने सूत आमच्यापासून. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना विज्ञानाच्या ऱ्हासाचे खापर हात आणि बुद्धी यांच्या याच फारकतीवर फोडले होते.

दुसरी गोष्ट अशी की सूत्राशिवाय सूत अपुरे आहे. विहाराचे माप सोपे होते, म्हणून दादांना तीन-चार-पाच दिसले. माप अडनिडे असते तर सूत पुढेमागे सरकवण्यात वेळ गेला असता. त्रिज्या वीस-पंचवीस फूट निघाली तर एवढे सूत ताणायला जागाही नसते. तेव्हा जुने सुतार दोन्ही कोपऱ्यांवर खिळे मारून, दोन पट्ट्या माथ्याशी कोनात जखडून, त्या खिळ्यांना घासत फिरवून गोलाई काढतात. ही युक्ती सुंदर आहे आणि गणिताने ती पुरी सिद्ध होते. पण कागदावर आधी त्रिज्या काढणारा किती फळी लागेल, किती वाया जाईल, काय दर लावावा हे सगळे कामाआधी सांगू शकतो. म्हणून कंत्राट त्याचे होते आणि सूत धरणारा रोजंदारीवर राहतो. सूत्र नसणे ही केवळ ज्ञानाची उणीव नाही. तिचा हिशेब दर शनिवारच्या पगारात होतो. मजुरीच्या तक्त्यात माणसांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे भाग पाडतात. बुद्धाच्या वाणीत 'कुसल' हा शब्द चित्तासाठी आणि कर्मासाठी येतो. तो शब्द माणसाच्या जन्मभराच्या दर्जावर शिक्का म्हणून मारावा, हे बौद्ध म्हणवणाऱ्या आपल्याला तरी खटकले पाहिजे.

तेव्हा काय करावे? माझ्यापुरते मी एवढे केले. कार्ल्याला विद्यार्थ्यांची सहल नेतो तेव्हा राजांच्या दानलेखांआधी सामि वढकीचा लेख दाखवतो. आणि विहाराची कमान पुरी झाली, साचा काढायचा दिवस आला, त्या दिवशी मी दादांना म्हणालो, 'तुमचं सूत मला कळलं. आता माझं सूत्र तुम्ही घ्या.' दादा चौथी शिकलेले. त्यांनी कानामागची पेन्सिल मला दिली आणि साच्यातून निघालेली एक फळी उलटी करून पुढे सरकवली. मी तिच्यावर लिहिले : निम्मे, वर्ग, भागिले उठाव, अधिक उठाव, पुन्हा निम्मे. दोन-तीन उदाहरणे त्यांनी माझ्यासमोर करून पाहिली. फळी त्यांनी जळणात जाऊ दिली नाही.

पुढल्या वर्षी त्यांचा फोन आला. कुणाच्या तरी फाटकावर कमान होती. गाळा सात फूट, उठाव पंधरा इंच.

'सहासष्ट इंच अडीच सूत येतंय,' ते म्हणाले. 'जरा तपासून बघ.'

मी कागद घेतला. बेचाळीसचा वर्ग १७६४. भागिले पंधरा, ११७.६, अधिक पंधरा, १३२.६, निम्मे ६६.३.

'बरोबर आहे दादा. अडीच सुताला किंचित कमी.'

'तेवढं करवतीत जातंय,' दादा म्हणाले. 'सूत ताणायच्या आधीच त्याला दर सांगितला. पहिल्यांदा.'